चादरींची खोली

वारसा खात्याची तपासनीस बाई अकराच्या बोटीनं यायची होती, आणि ताईनं साडेआठलाच तिच्यासाठी सात नंबरची खोली उघडून ठेवली. बाई मुक्कामाला येत नव्हती. घर बघून, कागद भरून दुपारच्या बोटीनं परत जाणार होती. पत्रात तसं स्पष्ट लिहिलं होतं आणि ताईनं ते पत्र चारदा वाचलं होतं. तरी तिनं गादी उन्हाला टाकून परत आणली, नवा साबण काढला, पाण्याचा जग भरून वर जाळी घातली. कुणी येणार म्हटलं की आधी खोली उघडायची, काम काय आहे ते मागाहून विचारायचं. वडील, म्हणजे अण्णा, जाऊन वीस वर्षं झाली होती, पण पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या या घरातून त्यांचा हा नियम अजून गेला नव्हता.

"ती घर जोखायला येतेय, राहायला नाही," दादा जिना उतरता उतरता म्हणाला. एका हातानं कठडा धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत तो उतरत होता.

"हात धुवायला तरी जाईलच ना कुठं," ताई म्हणाली. "आणि तू घाई करू नकोस बाळ्या, पडशील."

साठीला टेकलेल्या, औषधांची दोन दुकानं चालवणाऱ्या भावाला ताई अजून बाळ्या म्हणते. बाकी सगळ्यांचा तो दादा.

आजच्या दिवसावर सगळं अवलंबून होतं. मागच्या महिन्यात तिघं भावंडं खालच्या जेवणघरात बसून भांडली, रडली, आणि शेवटी एकमेकांना शब्द देऊन उठली. घराची वारसा वास्तू म्हणून नोंद झाली, तर ते पाडता येणार नाही. मग शेजारच्या हॉटेलवाल्यांना त्यात रस उरणार नाही आणि दादा विकण्याचा विषय पुन्हा काढणार नाही. नोंद झाली नाही, तर ताई विक्रीच्या कागदांवर सही करणार आणि आपली पेटी घेऊन दादाच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत राहायला जाणार. दादा काही राक्षस नव्हता. अकरा खोल्या, गळकं छप्पर, त्रेसष्ट वर्षांची एकटी बहीण आणि हंगामात रोज चाळीस चादरी, याचा हिशेब त्याला लागत नव्हता एवढंच. ताईला मात्र या घराशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरीकडे कुठं जायचंही नव्हतं.

धाकटी बहीण गावाच्या नव्या भागात शाळेत शिकवते. ती आज रजा टाकून आली होती. दादाची मुलगी टिकली तर आठवडाभर आधीच येऊन बसली होती. उंची बेताची म्हणून टिकली. ती एका वास्तुविशारदाकडे नकाशे काढते. बापाच्या विरोधात जाऊन अर्ज भरला तो तिनंच. बापलेक कालपासून एकमेकांशी मीठ मागण्यापुरतंच बोलत होती.

बाई आली. मध्यम वयाची, पायांत सपाट बूट, गळ्यात चष्मा, हातात फळीला अडकवलेले कागद. तिनं चहा घेतला, सात नंबरमध्ये हात धुतले आणि पुसायला ठेवलेल्या टॉवेलाचा वास घेऊन किंचित हसली. टिकलीला ते हसणं शुभ वाटलं. पुढचा तासभर मात्र तिचा जीव टांगणीला लागला.

खिडक्यांपासून सुरुवात झाली. बाईनं काचेवर टिचकी मारली आणि ही काच मूळची का, असं विचारलं. ताईनं मोठ्या अभिमानानं सांगितलं की छे, मूळच्या काचा लाटा आल्यासारख्या होत्या, पाहुण्यांना तळं वाकडं दिसायचं, म्हणून तिनं हंगामाआड एकेक करून सगळ्या बदलून घेतल्या. बाईनं कागदावर खूण केली. मग जमीन. जुन्या दगडी फरशा पायाला गार लागायच्या, एका म्हाताऱ्या पाहुण्याला त्यानं सर्दी झाली, तेव्हा लाकूड घालून घेतलं. पुन्हा खूण. दारांच्या कड्या वाजायच्या, म्हणून नव्या. गच्चीचा कठडा ठेंगणा होता, पोरं वाकायची, म्हणून नवा. टिकली आत्याच्या मागं उभी राहून तिचा पदर ओढत होती, पण ताईला वाटलं मुलगी लाडात आलीय.

जिन्यापाशी बाई बराच वेळ थांबली. हा जिना म्हणजे घराची शान. खाली दिवाणखान्यातून निघतो आणि मधे एकही खांब नसताना गोल वळत वर जातो. गावातले वाटाडे प्रवाशांना बाहेरूनच दारातून तो दाखवतात. बाई खाली बसली, पायरीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"या पायऱ्या?"

"अकरा वर्षांपूर्वी बदलल्या," ताई म्हणाली. "झिजून मधे खड्डे पडले होते. एक बाई घसरली. नशीब, काही मोडलं नाही."

बाई उठली. चष्मा काढून गळ्यात सोडला. "राग मानू नका," ती म्हणाली. "तुम्ही हे घर इतकं छान ठेवलंय, की आता त्यात जुनं काही उरलेलंच नाही."

ताईला हे आधी कौतुक वाटलं. मग बाईचा चेहरा बघून तिला समजलं.

चूक कुणाची म्हणायची? अण्णा म्हणत, पाहुण्याला वाटलं पाहिजे की ही खोली आजच बांधली आणि त्याच्यासाठीच बांधली. त्याला आदल्या माणसाचा केस दिसता कामा नये, आणि आपला तर नाहीच नाही. म्हणून त्या घरात कुटुंबाचा एक फोटो कधी भिंतीवर लागला नाही, मुलांची चप्पल कधी दारात दिसली नाही. नव्वद वर्षं या माणसांनी रोज सकाळी उठून आपल्या खुणा पुसल्या. आता कुणीतरी येऊन विचारत होतं, खुणा कुठं आहेत?

"एक गोष्ट राहिलीय," टिकली घाईघाईनं म्हणाली. "अर्जाला फोटो जोडला होता ना, ती भिंत."

"त्याच्यासाठीच तर मी आले," बाई म्हणाली.

जिन्यामागं एक खोली आहे, नंबर नसलेली. घरात तिला चादरींची खोली म्हणतात. चादरी, अभ्रे, टॉवेल, जादा उशा, सगळं तिथं. गेल्या उन्हाळ्यात टिकलीनं तिथली मोडकी मांडणी हलवली, तर मागच्या भिंतीवर गेरूनं काढलेला अख्खा जिना निघाला. खऱ्या मापाचा. जिना घडवणाऱ्या सुतारानं लाकडाला हात लावण्याआधी ओल्या गिलाव्यावर तो आखून बघितला होता. एकेका पायरीला आकडा, वळणाला दोरीनं ओढलेली कमान, आणि जिथं हिशेब चुकला तिथं खोडून पुन्हा काढलेली रेघ. टिकलीच्या साहेबांनी फोटो बघून खुर्ची मागं सरकवली होती. असं दुसरं आपल्या पाहण्यात नाही, या एका भिंतीवर घराची नोंद होईल, असं ते म्हणाले होते.

टिकलीनं आत्याकडून किल्ली घेऊन दार उघडलं, दिवा लावला.

आधी वास आला. ओल्या चुन्याचा, नाकाला झोंबणारा. मांडणी बाजूला ओढलेली होती आणि मागची भिंत जमिनीपासून आढ्यापर्यंत पांढरी शुभ्र होती. इतकी नीट मारलेली की कुंचल्याचा फटकारासुद्धा दिसत नव्हता.

टिकलीनं भिंतीला हात लावला, हात पांढरा झाला. मग तिनं मान वळवली. आधी आत्याकडे, कारण किल्ली आत्याच्या कमरेला असते. ती आत्याच्या चेहऱ्याकडे बघतच होती, तेवढ्यात मागून दादा म्हणाला, "मी मारला."

"काय?"

"चुना. काल आल्यावर. भिंत घाण दिसत होती."

आदल्या दिवशी घरात आलेला, घर विकायला निघालेला माणूस. यात कुणाला नवल वाटावं असं काही नव्हतं. "बाबा, विकायचं होतं तर विकायचं होतं," टिकली म्हणाली. "पण हे... मला वाटलं नव्हतं तुम्ही इतके खाली जाल."

दादा जमिनीकडे बघत राहिला. ताई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तपासनीस बाईला असल्या घरांची सवय असावी. आपण बाहेरून एक फेरी मारून येतो, छप्पर बघायचंय, असं सांगून ती निघून गेली, आणि जाताना टिकलीलाही बरोबर घेऊन गेली.

धाकटी दादाच्या मागोमाग परसात गेली. आयुष्यभर ती तराजूच्या काट्यासारखी दोघांच्या मधे हलत आलेली. आई गेली तेव्हा दादाकडून, छपराच्या खर्चावरून वाद झाला तेव्हा ताईकडून, मागच्या महिन्यात पुन्हा ताईकडून. आज मात्र तिला कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती, फक्त दादाला वाटेल ते बोलायचं होतं. तो चादरी भिजवायचं मोठं पातेलं पालथं घालून त्यावर बसला होता. तिनं बोलायला सुरुवात केली. शब्द दिला होतास म्हणाली, ताईनं तुला अंगाखांद्यावर वाढवलं म्हणाली, अण्णांचं नाव काढलं. तो ऐकून घेत होता. कोट नीट करायला त्यानं डावा हात उजव्या खांद्यावर नेला आणि तोंड वाकडं केलं.

धाकटी मधेच थांबली.

"दादा, उजवा हात वर कर."

"कशाला?"

"कर म्हणते ना."

त्यानं केला. कानापर्यंत आला आणि अडला. खांदा धरून वर्ष झालं होतं. सदरासुद्धा बायको घालून देते, हे धाकटीला वहिनीनंच सांगितलं होतं.

"आणि आढ्यापर्यंत चुना मारलास."

"स्टुलावर चढलो."

"स्टुलावर चढायला गुडघे कुणाचे आणलेस?"

दादाला हसू आलं. त्यानं ते दाबलं नाही, आणि मग ते हसूच कुठंतरी बिघडलं. त्यानं चष्मा काढून कोटाच्या टोकानं पुसायला घेतला. काल चार वाजता तो आला, तेव्हा ताई याच नळावर कुंचला धूत होती, हे त्यानं सांगितलं. कोपरापर्यंत चुना, आणि तोंडानं गुणगुणत होती, हंगामाआधी गुणगुणते तसं. बोळ रंगवला असेल म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही. आत्ता दार उघडल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

"मग तू कशाला अंगावर घेतलंस?"

"टिकली तिच्याकडे बघायला लागली होती," दादा म्हणाला. "कसं बघत होती ते तू पाहिलं नाहीस. मी काय, मी तसाही वाईट ठरलेलाच आहे. एका माणसाकडे दोन वाईट गोष्टी ठेवल्या तर जागा वाचते."

धाकटी त्याच्याशेजारी पातेल्याच्या कडेवर टेकली. समोर दोरीवर चादरी वाळत होत्या.

"तुला आठवतं का, आपली बदली?" तिनं विचारलं.

तो शब्द दादानं चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. हंगामात घर भरलं की मुलांना जी खोली रिकामी असेल त्यात झोपवायचे. उशिराच्या बोटीनं पाहुणे आले की अण्णा येऊन झोपेतल्या पोरांना एकेक करून उचलायचे आणि चादरींच्या खोलीत नेऊन ठेवायचे. सकाळी डोळे उघडले की खळीचा वास, आणि ताई म्हणायची, "उठा, साहेबांची बदली झालीय." कधी एका रात्रीत दोन बदल्या. दादाला स्वतःची अशी खोली नव्हती, खाट नव्हती, उशीसुद्धा नव्हती. शहरात पहिला पगार झाला तेव्हा त्यानं खाट घेतली. घर तीनदा बदललं, पण खाट खोलीच्या ज्या बाजूला होती ती बाजू कधी बदलली नाही. बायको त्यावरून थट्टा करते. तो का करतो हे तिला त्यानं सांगितलेलं नाही. सांगायला गेलं तर त्याला स्वतःलाच आपण लहान पोर वाटलो असतो. हे घर विकून टाकावं असं त्याला वाटायचं, त्यात छपराचं कारण खरं होतं, ताईच्या एकटेपणाचं खरं होतं, आणि हेही होतं. आपल्याला कधी न मिळालेलं घर दुसऱ्या कुणाला मिळो न मिळो, एकदाचं मिटावं.

पण चादरींच्या खोलीचा राग त्याला कधी आला नव्हता. तिथं तिघंही असायची. भिंतीवरच्या गेरूच्या जिन्यावर त्यांनी पेन्सिलीनं माणसं काढली होती, पायरी चढणारी. सगळ्यात वर, उशांच्या ढिगावर चढून काढलेला दादा. मधल्या वळणावर ताई, डोक्यावर चादरींचा गठ्ठा घेऊन. धाकटीचा हात पोचत नसे, म्हणून ती पहिल्या पायरीवर.

"तीही गेली की रे," धाकटी म्हणाली. आणि मग तिला रडू आलं.

ताई स्वयंपाकघरात पाव कापत होती. बाईला जेवू घातल्याशिवाय पाठवायचं नाही हे तिचं ठरलेलं होतं. दोघं दारात आली तशी तिनं मान वर न करता सांगितलं, "मला माहीत आहे तुम्ही काय विचारणार ते."

"मग सांग," धाकटी म्हणाली. "सवयीनं झालं का? पाहुणी येणार म्हणून हात शिवशिवले? तसं असेल तर बाईला तसंच सांगू. कुणालाही पटेल ते."

ताईला ही वाट बरी वाटली असती. निम्मी तर खरीच होती. काल तिनं बोळ पांढरा केला, बादलीत चुना उरला, आणि उरलेला चुना फेकून देणं तिला जमत नाही. म्हणून तिनं चादरींची खोली उघडली. तिथपर्यंत सवय. मग तिनं मांडणी ओढली, आणि वळणावर डोक्यावर गठ्ठा घेतलेली दहा वर्षांची मुलगी समोर दिसली. तिथं हात थांबायला हवा होता. तिनं सुरी खाली ठेवली.

"सवयीनं नाही," ती म्हणाली. "मी बघून मारला."

"ताई, अगं..."

"टिकलीनं कागद वाचायला दिले होते. त्यात लिहिलंय, नोंद झालेली जागा आठवड्यातून एक दिवस लोकांना बघायला खुली ठेवायची. रात्रभर माझ्या डोळ्यांपुढं तेच. लोक तिकीट घेऊन येणार, रांगेत उभे राहणार, आत वाकून बघणार. वाटाड्या सांगणार, ही बघा यांची पोरं इथं झोपायची." तिनं पावाचे तुकडे उगाचच सारखे केले. "या घरातली प्रत्येक खोली मी दुसऱ्याला दिली. माझी म्हणून एक कोपरा मी कधी मागितला नाही. मला नको होता असं नाही. तेवढी एक खोली आपली होती, बाळ्या. अण्णासुद्धा दार वाजवून यायचे तिथं. ती मला देववेना."

दादा खुर्चीत बसला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की या घरात जागा नव्हती ती फक्त त्याला. ताईला घर होतं, घर म्हणजे ताई, असंच तो सगळ्यांना सांगत आला. ती रोज रात्री कुठं झोपते, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. आत्ता विचारलं.

"जी खोली रिकामी असेल तिथं," ताई म्हणाली. "सगळ्या भरल्या की चादरींच्या खोलीत. ती रात्र बरी जाते."

परसदारी चपलांचा आवाज झाला. टिकली आणि तपासनीस बाई पायरीवर उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. टिकलीचा चेहरा उतरला होता. ती आत आली ती सरळ बापाच्या खुर्चीशी, आणि त्याच्या धरलेल्या खांद्यावर अलगद हात ठेवून उभी राहिली. दादा म्हणाला, "असू दे."

ताईनं बाईला बसायला खुर्ची दिली, पानात वाढलं, आणि चुना आपण मारल्याचं तिच्याच तोंडावर पुन्हा एकदा सांगितलं. भावाचा त्यात काही हात नाही, ते तसं कागदावर लिहा, म्हणाली. बाई खाता खाता ऐकत होती. मग ती पाणी प्यायली आणि कामाचं बोलली. चुना कालचाच आहे, पातळ आहे. आमच्याकडे माणसं आहेत, ती सुरीच्या टोकानं एकेक पापुद्रा काढतात. गेरू गिलाव्यात मुरलेला असतो, तो निघणार नाही. दोनचार महिने लागतील, पण भिंत परत मिळेल. मी तसं लिहू शकते. एवढ्या एका वाक्यावर नोंद होईल. बाकी घरात काही नाही, हे मला लिहावंच लागेल.

"पेन्सिलीचं काय?" धाकटीनं विचारलं.

"पेन्सिल वरवर असते," बाई म्हणाली. "तिची खात्री देता येत नाही."

"लिहा," दादा म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. "काढू देत चुना. हॉटेलवाल्यांना मी सांगतो. ताई, तुला इथंच राहायचंय ना? मग राहा. मी पुन्हा नाव काढणार नाही. पाहिजे तर हंगामात येऊन बसतो दोन महिने, दुकानं मुलगा बघेल."

हे ऐकायला ताईनं काय दिलं नसतं. एका महिन्यापूर्वी ऐकलं असतं तर ती त्याच्या गळ्यात पडली असती. आता ती उभीच राहिली, टेबलावर दोन्ही तळवे टेकून. खिडकीतून तळं दिसत होतं, सरळ, तिनंच बसवलेल्या काचेतून.

"आणि आठवड्यातून एक दिवस?" तिनं बाईला विचारलं.

"तो नियम आहे. कुणी बघणारच नसेल, तर वारसा म्हणून मी नोंद कशाची करू?"

"बरोबर आहे तुमचं," ताई म्हणाली. "मग नका लिहू."

टिकली पुढं झाली. "आत्या, नोंद नाही झाली तर हॉटेलवाले पाडतील. अख्खं घर. ती खोलीसुद्धा."

"पाडू देत. पाडणारा माणूस थांबून बघत नाही." तिनं भाचीच्या गालावर हात ठेवला. नखांच्या कडेला अजून चुना होता. "तुझी मेहनत मी मातीत घातली. त्याबद्दल मला काय बोलायचं ते बोल, पण पुढच्या आठवड्यात. आज नको."

बाईनं कागदावरच्या शेवटच्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि फळी पिशवीत घातली. जाताना ती जिन्यापाशी पुन्हा एकदा थांबली, चष्मा लावून वर बघितलं, आणि मग टिकलीबरोबर धक्क्याकडे उतरून गेली.

ताईनं टेबल आवरलं. दादा आणि धाकटी मदत करायला गेली तर तिनं दोघांना हाकललं, मग पुन्हा बोलावलं. भांडी तिघांनी मिळून धुतली. एकेकाळी हे रोजचं काम होतं, तेव्हा कोण विसळणार यावरून मारामाऱ्या व्हायच्या. आज विसळायचं काम दादानं न सांगता घेतलं. सही कधी करायची हे त्यानं विचारलं नाही आणि ताईनं सांगितलं नाही. नोंद नाही तर विक्री, असा शब्द दिलेला होता, तो दोघांनाही माहीत होता.

हात पुसून ताई चादरींच्या खोलीकडे गेली. मागोमाग ती दोघं. तिनं मांडणी जागेवर ढकलायला घेतली, तर धाकटी म्हणाली, राहू दे ना जरा. मग तिघं खाली घड्या घातलेल्या चादरींवर बसली. दादाला बसायला वेळ लागला, दोघींनी दोन बाजूंनी धरून त्याला खाली सोडलं, आणि आता मला उठवणार कोण, असं त्यानं विचारलं. पाठी भिंतीला टेकल्या, कपडे पांढरे झाले. कुणी पर्वा केली नाही. ताईनं पाय लांब केले. दार तिनं आतून लोटून घेतलं. तिला फार वर्षांनी अंग सैल सोडल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी हे आता थोड्याच दिवसांचं, हेही वाटलं. तिनं दोघांचे हात धरले नाहीत, पण दोघं होती तिथंच राहावीत असं तिला मनापासून वाटलं.

बाहेर टेबलावरची घंटा वाजली. दुपारच्या बोटीनं कुणीतरी आलं होतं. पेट्या टेकवल्याचा आवाज, एका बाईचं हसणं, एका पुरुषाचं खाकरणं. पुन्हा घंटा.

ताईचा हात आपोआप जमिनीवर टेकला, उठायला. चाळीस वर्षांत त्या घंटेला तिनं तिसऱ्यांदा वाजू दिलं नव्हतं. दादा आणि धाकटी तिच्याकडे बघत होती, पण तिला कुणी अडवलं नाही.

घंटा तिसऱ्यांदा वाजली. वर अकराच्या अकरा खोल्या रिकाम्या होत्या आणि सात नंबरमध्ये तर पाणीसुद्धा भरून ठेवलेलं होतं.

"जागा नाही हो," ताई बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाली. "घरची माणसं आलीत."